‘पैकी’ आणि नकाशा : भूखंडविक्रीच्या कायदेभाषेची चिकित्सा

१

जमिनीचे लहान भूखंड करून ते विकावयाचे असतील, तर विक्रीपूर्वी त्या विभागणीचा नकाशा सक्षम अधिकाऱ्याकडे दाखल होऊन मंजूर झालेला असावा, हे तत्त्व ऐकावयास अगदी साधे वाटते. नकाशा आधी, विक्री मागून, एवढाच त्याचा अर्थ. तथापि महाराष्ट्रात ह्या साध्या क्रमाचा भंग इतक्या मोठ्या प्रमाणावर झाला, की त्यातून उभ्या राहिलेल्या वस्त्यांसाठी विधिमंडळाला २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. ह्या भंगाची कारणे सामान्यतः विक्रेत्याच्या लोभात, खरेदीदाराच्या गरजेत आणि अधिकाऱ्यांच्या शैथिल्यात शोधली जातात. ती कारणे खोटी नव्हेत. परंतु जो व्यवहार संपूर्णपणे लिखित शब्दावर उभा असतो, त्याच्या भाषेची चिकित्सा केल्याशिवाय त्याची मीमांसा पुरी होत नाही. ज्या दस्ताच्या आधारे एखादे कुटुंब आपली आयुष्याची बचत एक गुंठा जागेत घालते, तो दस्त नेमके काय म्हणतो आणि काय म्हटल्याचा केवळ भास निर्माण करतो, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतीलच आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ह्या व्यवहारातील दोष दोन ठिकाणी भाषेत उतरलेला दिसतो. खरेदीखतात तो ‘पैकी’ ह्या शब्दयोगी अव्ययात दिसतो. कायद्यांच्या पाठांत तो क्रियापदांच्या निवडीत दिसतो. ह्या दोहोंचा परस्परसंबंध लक्षात घेतला म्हणजे नकाशाची अट इतकी वर्षे निसटती का राहिली, ह्याचा काही उलगडा होतो.

२

मराठी खरेदीखताची वर्णनपद्धती फार जुनी आहे. जमिनीची ओळख तिच्या चार बाजूंनी पटवावयाची, ही रीत ताम्रपटांतील ‘चतुराघाट’ ह्या संज्ञेपर्यंत मागे जाते. मराठेकालीन इनामपत्रांतून ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ ही मालिका येते, आणि तीच मालिका आजही टंकलिखित खरेदीखतात जवळजवळ जशीच्या तशी आढळते. ह्या सातत्यास केवळ लेखनिकांची सवय म्हणून उडवून लावणे बरोबर होणार नाही. ज्या समाजात पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, उत्तरेस गाडीवाट आणि दक्षिणेस देवस्थानची जमीन अशा खुणा सर्वांच्या ओळखीच्या होत्या, त्या समाजात चतुःसीमा हे अत्यंत नेमके वर्णन होते. शेजारी हाच साक्षीदार होता. बांध कोरला गेला तर ते सांगणारा माणूस बांधापलीकडेच उभा होता.

इंग्रजी अमलात ह्या शाब्दिक ओळखीच्या जोडीला दुसरी एक ओळख आली. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी ज्या पाहणीपद्धतीचा पाया घातला, तिने प्रत्येक क्षेत्रास मोजून एक क्रमांक दिला. ‘सर्व्हे नंबर’ हे वर्णन नव्हे. ते नाव आहे. वर्णनाचे काम गुण सांगून वस्तूकडे नेण्याचे असते, नावाचे काम वस्तूवर थेट बोट ठेवण्याचे असते. अर्थात नाव हे काम करू शकते ते पूर्वी कोणीतरी, अधिकारपूर्वक, नामकरणाचा विधी केलेला असतो म्हणूनच. उच्चाराने कृती घडते, परंतु उच्चारणाऱ्यास तो अधिकार असेल तरच घडते, हा जे. एल. ऑस्टिन ह्यांचा १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त येथे पुरेपूर लागू पडतो. सर्व्हे नंबराचा नामकरणविधी म्हणजे मोजणी आणि नकाशा. शेताचे वाटप झाले तर पोटहिश्श्यासही हाच विधी ठेवलेला आहे: मोजणी होते, फाळणी होते, आकारफोड होते आणि मग हिश्श्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. नकाशा आधी आणि नाव मागून हे तत्त्व महाराष्ट्राच्या जमीन प्रशासनास परके नव्हते, ही गोष्ट येथे आवर्जून नमूद करावयास हवी.

ह्या दोन ओळखींपैकी कोणती प्रधान मानावी, ह्याविषयी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या मूळ पाठाने घेतलेली भूमिका उद्‌बोधक आहे. मिळकतीची ओळख पटण्यास पुरेसे वर्णन नसेल तर दस्त नोंदणीस स्वीकारू नये, असे त्याचे कलम २१ सांगते. जमिनीचे वर्णन क्षेत्रफळ, लगतचे रस्ते व मिळकती, आणि प्रत्यक्ष वहिवाट ह्यांवरून करावे, आणि जेथे व्यवहार्य असेल तेथे शासकीय नकाशाचा निर्देश करावा, असा त्याचा क्रम आहे. म्हणजे शब्द अनिवार्य आणि नकाशा यथाशक्य. इतकेच नव्हे तर, वर्णनाचे हे तपशील पाळले गेले नाहीत तरी ओळख पटण्यापुरते वर्णन असल्यास केवळ तेवढ्यावरून दस्त अपात्र ठरत नाही, अशी सवलतही पुढील कलमात आहे. शेतजमिनीच्या आणि जुन्या गावठाणाच्या व्यवहारांना ही उदारता योग्यच होती. तिचे परिणाम विपरीत झाले ते शेताचे भूखंड पडू लागल्यावर.

३

ह्या विपरीततेचे केंद्र ‘पैकी’ हा शब्द होय. नमुन्यादाखल पुढील वाक्यखंड पाहावा. तो कोणत्याही विशिष्ट दस्तातील नाही, परंतु अशा दस्तांची घडण त्यावरून कळेल: ‘गट नंबर अमुक, एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर, पैकी १ आर, यांसी प्लॉट नंबर १७, पूर्वेस प्लॉट नंबर १८, पश्चिमेस प्लॉट नंबर १६, उत्तरेस प्लॉट नंबर ८, दक्षिणेस नियोजित ९ मीटर रुंदीचा रस्ता.’

मराठीत ‘पैकी’ची दोन प्रकारची स्वाभाविक योजना आढळते. ‘पाच आंब्यांपैकी दोन’ ह्या पहिल्या प्रकारात पाच आंबे आधीच सुटे आहेत. ‘पैकी’ केवळ निवड सुचविते, विभागणी नव्हे. ‘मणभर ज्वारीपैकी पायली’ ह्या दुसऱ्या प्रकारात सुटे घटक मोजलेले नाहीत, परंतु ज्वारीची कोणतीही पायली दुसऱ्या कोणत्याही पायलीइतकीच चांगली असल्यामुळे ‘कोणती पायली’ हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही ठिकाणी ‘पैकी’ निर्दोष आहे. पहिल्यात घटक पूर्वनिश्चित आहेत, दुसऱ्यात ते परस्परतुल्य आहेत.

अविभाजित जमीन ह्या दोन्ही प्रकारांत बसत नाही. तिच्यातील भूखंड पूर्वनिश्चित नसतात, कारण ते निश्चित करणारा नकाशाच अद्याप झालेला नसतो. ते परस्परतुल्यही नसतात, कारण रस्त्यालगतचा एक गुंठा आणि ओढ्याच्या पोटातील एक गुंठा ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तरीही ‘दोन हेक्टर चाळीस आर पैकी एक आर’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सुघटित असल्याने वाचणाऱ्यास त्यात काही न्यून जाणवत नाही. ‘पैकी’ हा शब्द जी विभागणी गृहीत धरतो, ती झालेलीच आहे असा समज तो नकळत करून देतो. ‘किती’चे उत्तर देऊन ‘कोठे’चा प्रश्न तो झाकून टाकतो. खरेदीदाराने घेतलेले असते ते एक स्थान. दस्ताने दिलेले असते ते एक प्रमाण.

‘कोठे’चे उत्तर चतुःसीमेत नाही काय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो विचारार्ह आहे. न्यायालयांनीही क्षेत्रफळ आणि चतुःसीमा ह्यांत विसंगती आल्यास निश्चित चतुःसीमेस प्राधान्य देण्याचा नियम मान्य केलेला आहे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात भूखंडाचा क्रमांक चुकीचा पडला होता. इतर तपशिलांवरून मिळकतीची ओळख निर्विवाद असल्याने तो केवळ वर्णनदोष ठरविण्यात आला. परंतु हा नियम ज्या सीमा स्वतः निश्चित आहेत त्यांनाच लागू पडतो. वरील नमुन्यात सतरा क्रमांकाची सीमा अठरा क्रमांक आहे. अठराच्या दस्तात त्याची सीमा सतरा क्रमांक असणार. उत्तरेचा आठ क्रमांक आपली दक्षिण सीमा म्हणून पुन्हा सतराकडेच बोट दाखविणार. दक्षिणेचा रस्ता तर ‘नियोजित’ आहे, म्हणजे आज अस्तित्वात नाही. वाईट कोशात ‘उंच म्हणजे जे ठेंगणे नाही ते’ आणि ‘ठेंगणे म्हणजे जे उंच नाही ते’ अशी अन्योन्याश्रयी व्याख्या आढळते, तसलाच हा प्रकार होय. एकही सीमा मंजूर नकाशाच्या वा शासकीय मोजणीच्या बिंदूस बांधलेली नसल्याने हे सबंध जाळे शेतात कोठेही सरकविता येते, आणि ते सरकविले गेले तरी एकाही दस्तातील एकही अक्षर खोटे ठरत नाही. जुन्या चतुःसीमेतील शेजारी साक्षीदार होता; ह्या चतुःसीमेतील शेजारी हा तितकाच अनाथ दुसरा भूखंड आहे.

‘प्लॉट नंबर १७’ ह्या पदाचे खरे स्वरूपही ह्यावरून ध्यानात येते. सर्व्हे नंबराच्या साच्यावर ते घडविलेले असल्याने ते नावासारखे दिसते. परंतु त्याचा नामकरणविधी झालेला नाही. जमिनीवर फक्की मारून आणि दगड रोवून विक्रेत्याने स्वतःच तो आकडा उच्चारलेला असतो. बोलीतील ‘प्लॉट पाडणे’ हा प्रयोग ह्या दृष्टीने मोठा प्रामाणिक आहे: पाडणारा कर्ता त्यात उघड दिसतो. दस्ताच्या भाषेत तो कर्ता नाहीसा होतो आणि केवळ क्रमांक उरतो, जणू तो क्रमांक जमिनीस निसर्गतःच होता.

ह्याउलट रेखांकन मंजूर होऊन, भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन, कमी-जास्त पत्रक तयार झाले आणि प्रत्येक भूखंडास स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका मिळाली, म्हणजे दस्तातील ‘पैकी’ आपोआप गळून पडतो. भूखंड आता कशा‘पैकी’ राहत नाही. तो तोच असतो. ‘पैकी’ गळणे हीच नकाशा झाल्याची व्याकरणिक खूण होय, असे म्हणावयास हरकत नाही.

४

मग कायद्याने ‘पैकी’ला अटकाव का केला नाही? ह्याचे उत्तर संबंधित कायद्यांच्या विधायक वाक्यांतील क्रियापदे एकापुढे एक ठेवून पाहिली असता मिळते. ह्या सर्व पाठांत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. येथे विचार मुख्यतः त्यांच्या मूळ मांडणीचा आहे.

१९४७ चा अधिनियम, ज्यास व्यवहारात तुकडेबंदी कायदा म्हणतात, आपल्या पूर्ण नावातच जमिनींचे ‘तुकडे पाडण्यास प्रतिबंध’ करतो. त्याचे क्रियापद ‘हस्तांतरण करणे’ हे आहे, आणि त्याचा निषेध ज्या हस्तांतरणातून प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा निर्माण होईल त्यास आहे. शेती किफायतशीर राहावी हा त्याचा हेतू. एका गुंठ्याची विक्री त्यास चालत नाही ती तुकडा लहान आहे म्हणून. नकाशा नाही म्हणून नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या मूळ पाठाचे क्रियापद ‘वापरणे’ हे आहे: शेतीची जमीन परवानगीवाचून बिनशेती कामासाठी वापरू नये. विकणारा जमीन वापरीत नाही; वापरणार असतो तो विकत घेणारा. त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे क्रियापद ‘विकास करणे’ हे आहे, आणि ‘विकास’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत रेखांकन व जमिनीची उपविभागणी ह्यांचा समावेश स्पष्टपणे केलेला आहे. नकाशाच्या तत्त्वाशी सर्वांत निकट असलेला हा पाठ. परंतु निषेध उपविभागणी ‘करण्या’स आहे, केवळ दस्तात ‘पैकी’ लिहून विकणाऱ्याने जमिनीवर काही केलेच नाही, अशी पळवाट ह्या क्रियापदात राहून जाते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे क्रियापद ‘स्वीकारणे’ हे असून त्याचा कर्ता नोंदणी अधिकारी आहे, आणि त्याने पाहावयाचे ते ओळख पटण्यापुरते वर्णन.

हस्तांतरण करणे, वापरणे, विकास करणे, स्वीकारणे अशी ही चार क्रियापदे, आणि कर्तेही भिन्न. ह्यांपैकी कोणत्याही पाठाने ‘विकणे’ हे क्रियापद ‘नकाशा’ ह्या नामाशी एका वाक्यात बांधलेले नाही. प्रत्येक कायदा आपापल्या परीने सुसंगत आहे. परंतु विक्रीचा व्यवहार एका क्रियापदाच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत सरकत जातो आणि शेवटी निसटतो. अनेक खरेदीदारांनी मिळून एक मोठे क्षेत्र कागदोपत्री अविभक्तपणे घ्यावयाचे आणि प्रत्यक्षात खाजगी नकाशाप्रमाणे वाटून घ्यावयाचे, ही सर्वपरिचित युक्ती ह्याच सांध्यातून जन्मास आली.

‘विकणे’ हे क्रियापद प्रथम थेट बांधले गेले ते २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात. प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय कोणत्याही प्रवर्तकाने भूखंडाची जाहिरात करू नये, नोंद घेऊ नये, तो विकू नये वा विकत घेण्यास कोणास पाचारण करू नये, असे त्याचे कलम ३ सांगते. आणि नोंदणीच्या अर्जासोबत मंजूर नकाशा व रेखांकन मागते. प्रकल्पाच्या टोकबिंदूंचे अक्षांश व रेखांशही द्यावे लागतात. चतुराघाटापासून अक्षांश-रेखांशापर्यंतचा हा प्रवास लक्षणीय आहे. ‘केल्याशिवाय’ ह्या रूपातील पूर्णत्वाचा अर्थही महत्त्वाचा: अट पुरी झालेली असली पाहिजे, होऊ घातलेली चालत नाही. तथापि ह्या वाक्यासही कुंपणे आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीस नोंदणीची सक्ती नाही, आणि कलमाचा स्वाभाविक रोख नियोजन क्षेत्रावर आहे. ज्या खेड्यांच्या शिवारात ‘पैकी’ची विक्री जोरात चालते, त्यांतील पुष्कळशी कुंपणाबाहेर राहण्याचा संभव असतो.

ही उणीव प्रशासनास जाणवली नव्हती असे नव्हे. १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी विभागाने परिपत्रक काढून एक-दोन-तीन गुंठ्यांच्या विक्रीस रेखांकनाच्या मंजुरीची अट घातली. म्हणजे ‘स्वीकारणे’ ह्या क्रियापदास नकाशा जोडण्याचा प्रयत्न केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक व त्यास आधारभूत धरलेला १९६१ च्या नोंदणी नियमांतील ४४ व्या नियमाचा संबंधित भाग रद्द केला. ह्या निर्णयाकडे नकाशाच्या तत्त्वाचा पराभव म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. मूळ पाठात जे क्रियापद नाही, ते परिपत्रकाने घालता येत नाही, एवढाच त्याचा भाषिक आशय होय. वाक्य अपुरे असेल तर ते विधिमंडळानेच पुरे करावयास हवे.

५

ते पुरे वाक्य कसे असू शकते, हे पाहण्यासाठी ह्याच विषयावरील एका परदेशी पाठाकडे वळणे उपयुक्त होईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने भूखंडांच्या नकाशांविषयीचा आपला पहिला कायदा १८९३ मध्ये केला. अनेक रूपांतरांनंतर तो १९७४ मध्ये त्या राज्याच्या शासनसंहितेत समाविष्ट झाला. त्याचे मध्यवर्ती वाक्य असे सांगते की, ज्या विभागणीस अंतिम नकाशा आवश्यक आहे तिच्यातील कोणताही भाग, तो नकाशा दाखल होईपर्यंत, कोणीही विकू नये, भाड्याने देऊ नये वा तारण ठेवू नये. सामान्यतः पाच वा अधिक भागांना अंतिम नकाशा, आणि चार वा त्यांहून कमी भागांना तुलनेने साधा नकाशा लागतो. विभागणीची व्याख्याही हेतूवर उभी आहे: विक्री, भाडे वा तारण ह्यांसाठी, आज वा पुढे केव्हाही, केलेली विभागणी ती विभागणी. येथे ‘विकणे’ आणि ‘नकाशा’ एकाच वाक्यात आहेत, आणि त्यांना जोडणारे पद काळाचे आहे. मराठीत ‘जोपर्यंत – तोपर्यंत’ ही जोडी नेमके हेच काम करते. म्हणजे उणीव भाषेच्या सामर्थ्यात नाही.

ह्या पाठातील आणखी दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली परिणामाविषयी. नकाशावाचून झालेली विक्री तेथे खरेदीदाराच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. भंग लक्षात आल्यापासून एक वर्षाच्या आत तसा विकल्प त्यास वापरता येतो. उलट १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या मूळ पाठाने निषिद्ध हस्तांतरण सरसकट शून्य ठरविले आणि बेकायदा ताबेदारास काढून टाकण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला. ‘शून्य’ आणि ‘रद्द होण्याजोगे’ ह्या दोन विशेषणांत केवळ कायद्याचा काटेकोरपणा नाही. पहिल्याचा आघात शेवटी ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्या खरेदीदारावर होतो. दुसरे त्याच्याच हाती शस्त्र देते.

दुसरी गोष्ट भविष्यकाळाविषयी. नकाशा दाखल होण्यापूर्वी विक्रीचा करार करण्यास कॅलिफोर्नियात बंदी नाही, परंतु तो करार नकाशाच्या मंजुरीवर व दाखल होण्यावर स्पष्ट शब्दांत सशर्त असला पाहिजे. २००७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने, अशी अट सोडून देण्याची मुभा खरेदीदारास ठेवणारा करार खऱ्या अर्थाने सशर्त नाही असे मानून, तो शून्य ठरविला. मराठी साठेखताची भाषा ह्याच्याशी ताडून पाहावी. तेथे वारंवार आढळते ते ‘बिनशेती परवानगी मिळाल्यावर खरेदीखत करून देऊ’ हे वाक्य. ‘मिळाल्यावर’ आणि ‘मिळाल्यास’ ह्यांत एका प्रत्ययाचे अंतर आहे. ‘मिळाल्यास’ अट घालते आणि न मिळण्याची शक्यता मोकळी ठेवते. ‘मिळाल्यावर’ अट घालीत नाही; परवानगी मिळणार हे गृहीत धरून ते केवळ कालक्रम सांगते. पाऊस पडल्यास पेरणी करू, असे म्हणणारा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. पाऊस पडल्यावर पेरणी करू, असे म्हणणाऱ्याने पाऊस धरूनच ठेवलेला असतो. सबंध किंमत आधी घेऊन खरेदीखत ‘मिळाल्यावर’वर ठेवणारे साठेखत खरेदीदारास अटीचे संरक्षण न देता अटीचा भास मात्र देते.

कॅलिफोर्नियाचा पाठ सर्वथा निर्दोष आहे असे मात्र समजू नये. तेथेही कायद्यापूर्वीच्या जुन्या नकाशांचा प्रश्न उद्भवला. सोनोमा परगण्यात १८६५ मध्ये नोंदलेल्या एका नकाशातील भाग आजही स्वतंत्र भूखंड मानावयाचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये नकारार्थी दिले. कागदावर रेषा ओढून ती दप्तरात नोंदविणे म्हणजे नामकरण नव्हे. त्यामागे कायद्याने दिलेला तपासणीचा अधिकार असावा लागतो, हे ह्यावरून स्पष्ट होते. ज्यांस नकाशा म्हणजे केवळ एक अधिक कागद वाटतो, त्यांनी हा निर्णय ध्यानी घ्यावा. तपासणीत रस्त्याची रुंदी, पाण्याचा निचरा, मोकळी जागा ह्या गोष्टी पाहिल्या जातात. नाव मिळते ते त्या कसोटीस उतरल्यावर.

६

वाक्य अपुरे राहिल्याची किंमत मराठीने एका शब्दाच्या रूपाने चुकविली आहे. तो शब्द म्हणजे ‘गुंठेवारी’. गुंठा हे एकराच्या चाळिसाव्या भागाचे, ३३ फूट लांब-रुंद चौरसाचे, सुमारे १०१ चौरस मीटरचे माप. ‘वारी’ हा प्रत्यय ‘रयतवारी’, ‘आणेवारी’, ‘टक्केवारी’ ह्या शब्दांप्रमाणे केवळ वाटणीचा क्रम दाखवितो. ‘गुंठेवारी’ म्हणजे गुंठ्यागुंठ्याने. ह्यात निंदा नाही, स्तुती नाही. २००१ च्या अधिनियमाने खाजगी जमिनीची अनधिकृत उपविभागणी करून झालेल्या भूखंडांस व त्यांवरील बांधकामांस हे नाव दिले, आणि १ जानेवारी २००१ पर्यंतच्या अशा विकासाच्या नियमितीकरणाची तरतूद केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली.

ह्यानंतर शब्दाच्या अर्थात विलक्षण दुभंग झाला. ‘त्यांचा प्लॉट गुंठेवारीतला आहे’ ह्या वाक्यात तो अनधिकृततेचा वाचक आहे. ‘त्यांची गुंठेवारी झाली’ ह्या वाक्यात तो अधिकृत झाल्याचा वाचक आहे. रोगाचे आणि औषधाचे नाव एकच. अशा शब्दातून समाजाची धारणा घडते. जो आज नकाशावाचून एक गुंठा विकतो, तो ‘पुढे गुंठेवारी होईल’ असे सांगूनच विकतो, आणि मुदत एकदा वाढलेली असल्याने त्याचे बोलणे सर्वस्वी अविश्वसनीय वाटत नाही. नियमितीकरण हे आधीच घर बांधून बसलेल्यांच्या दृष्टीने न्याय्य होते, कदाचित अपरिहार्यही होते. परंतु त्याने ‘नकाशा आधी, विक्री मागून’ हा क्रम उलटा करण्यास भाषेतच एक जागा करून दिली, हेही तितकेच खरे.

‘रेखांकन’ ह्या शब्दाचीही अशीच तपासणी व्हावयास हवी. शासकीय मराठीत ‘ले-आऊट’साठी ‘रेखांकन’ आणि ‘अभिन्यास’ असे दोन शब्द आढळतात. ‘रेखांकन’ हे क्रियेचेही नाव आहे आणि क्रियेतून निष्पन्न होणाऱ्या वस्तूचेही. ‘रेखांकन झाले आहे’ ह्या वाक्याने फक्कीच्या रेषाही सूचित होतात आणि मंजूर नकाशाही. विक्रेता पहिल्या अर्थाने बोलतो, खरेदीदार दुसऱ्या अर्थाने ऐकतो, आणि दोघांपैकी कोणीच खोटे बोललेले नसते. परिभाषा घडविताना एवढी काळजी घेणे अशक्य नव्हते. क्रियेसाठी एक व मंजूर झालेल्या वस्तूसाठी दुसरा शब्द राखून ठेवला असता, तर जाहिरातीतील ह्या संदिग्धतेस बराच पायबंद बसला असता.

७

हा सर्व दोष भाषेच्या माथी मारणे अतिशयोक्तीचे होईल, असे म्हणता येईल. कायदा कितीही सुघटित असला तरी अंमलबजावणी नसेल तर उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु अंमलबजावणी करणाऱ्या दुय्यम निबंधकापुढे शेवटी येतो तो एक दस्त, आणि त्याने वाचावयाची असतात ती वाक्ये. ‘पैकी’ कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे कायद्याने सांगितलेले नसेल तर त्याच्या दक्षतेस धरावयास जागाच उरत नाही.

म्हणून सुधारणेची दिशा दोन वाक्यांत मांडता येते. कायद्याच्या पाठात ‘विकणे’ हे क्रियापद आणि ‘मंजूर होऊन दाखल झालेला नकाशा’ हे नाम, क्षेत्राची वा नियोजन क्षेत्राची मर्यादा न घालता, ‘केल्याशिवाय’च्या पूर्णत्वाने एका वाक्यात बांधले जावे, आणि त्या वाक्याच्या भंगाचा उपाय खरेदीदाराच्या हाती असावा. दस्ताच्या पाठात ‘पैकी’ हा शब्द मिळकतीचा पूर्वेतिहास सांगताना खुशाल यावा, परंतु विकलेल्या भूखंडाच्या वर्णनात त्यास स्थान असू नये. एखाद्या भूखंडाचे वर्णन ‘पैकी’वाचून करता येत नसेल, तर तो भूखंड अद्याप अस्तित्वात आलेला नाही, आणि जे अस्तित्वात नाही ते विकले जात असताना आयुष्याची बचत मात्र खरीखुरी मोजून दिली जात असते.